मार्टिनचा दिवस आणि द्राक्षबागेचं मिटणारं वर्ष

ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाला, हंगेरीच्या सीमेला चिकटून, बुर्गनलांड नावाचा चिंचोळा प्रांत आहे. त्याच्या उत्तर भागात नॉयझीडल नावाचं मोठं सरोवर आहे, पण ते इतकं उथळ की बहुतेक ठिकाणी माणसाचे पाय तळाला टेकतात. या सरोवराच्या काठाकाठाने वाईन करणारी गावं आहेत. ११ नोव्हेंबरच्या आसपास या गावांतल्या तळघरांची दारं सताड उघडी असतात. आलेला माणूस हातात पेला घेऊन या दारातून त्या दारात जातो आणि प्रत्येक ठिकाणी यंदाची, जेमतेम दोन महिन्यांची वाईन घोटभर चाखतो. जेवणात भाजलेला हंस असतो, सोबत जांभळ्या कोबीची आंबटगोड भाजी आणि उकडलेले बटाट्याचे गोळे. शाळांना सुट्टी असते, संध्याकाळी मुलं कंदील घेऊन मिरवणुकीने निघतात. दिवस संत मार्टिनचा. दक्षिणेला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियात, पूर्वेला हंगेरीत, पार पश्चिमेला पोर्तुगालातसुद्धा याच दिवशी नवी वाईन चाखली जाते; पोर्तुगालात हंसाऐवजी भाजलेले चेस्टनट असतात, एवढाच फरक. एकमेकांची भाषा न कळणारे, एकमेकांशी लढलेले हे लोक एकाच तारखेला तळघर कसे उघडतात? मार्टिन हा वाईनवाल्यांचा संत म्हणून, असं उत्तर सर्रास दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. शेतीच्या वर्षाला त्या सुमारास एक खरोखरीचा सांधा होता, तिथे देणी-घेणी मिटवणं भाग होतं, आणि त्या सांध्यावर उभा असलेला संत लोकांनी आपलासा केला, असं माझं म्हणणं आहे.

आधी संताकडेच पाहू. मार्टिनचा जन्म चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात, सावारिया या रोमन शहरात झाला. ते शहर म्हणजे आजचं हंगेरीतलं सोम्बातहेय, बुर्गनलांडच्या सीमेपासून अगदी जवळ. बाप रोमन सैन्यात, मुलगाही सैन्यात गेला. फ्रान्समधल्या आमिआं शहराच्या वेशीपाशी कडाक्याच्या थंडीत एक उघडा भिकारी त्याला दिसला आणि त्याने तलवारीने आपला झगा कापून अर्धा त्याला दिला, ही त्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. पुढे सैन्य सोडून तो साधू झाला, तूर शहराचा बिशप झाला, आणि ३९७ साली वारला. ११ नोव्हेंबर हा त्याच्या दफनाचा दिवस. सुल्पिसियस सेव्हेरस या त्याच्या शिष्याने मार्टिन हयात असतानाच त्याचं चरित्र लिहिलं. त्या चरित्रात हंस नाहीत. बिशपपद टाळायला मार्टिन हंसांच्या खुराड्यात लपला आणि हंसांनी कलकलाट करून त्याला पकडून दिलं, म्हणून त्यांना दरवर्षी भाजलं जातं, ही गोष्ट आज प्रत्येक मेनूकार्डावर छापलेली सापडते. सुल्पिसियसने लिहिलंय ते वेगळंच. तूरमधल्या एका गृहस्थाने बायको आजारी असल्याचा बहाणा केला, मार्टिनचे पाय धरले, त्याला मठाबाहेर काढलं, आणि वाटेत दबा धरून बसलेल्या लोकांनी त्याला जवळजवळ कैद्यासारखं शहरात नेलं. हंस मागाहून आले, आणि ते का आले हे आपण पुढे पाहू.

वाईनशी मार्टिनचा संबंध जोडणारी आणखी एक कथा फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात सांगतात. मार्टिनचं गाढव मठाच्या बागेत शिरलं, त्याने वेलींचे शेंडे खाल्ले, आणि पुढच्या वर्षी नेमक्या त्याच वेलींना भरघोस घड लागले. छाटणीची कला माणसाला अशी कळली. कथा गोड आहे, पण पॉसेनियस या ग्रीक प्रवासलेखकाने ती मार्टिनच्या जन्माच्या दीडेकशे वर्षं आधीच नोंदवून ठेवली आहे. ग्रीसमधल्या नाफ्प्लियो गावी खडकात कोरलेलं गाढव त्याने पाहिलं होतं, आणि वेल कुरतडल्याने पीक वाढतं हे त्या गाढवाने शिकवलं असं तिथले लोक सांगत. म्हणजे गाढव आधीपासून होतं, मार्टिन त्याचा नवा मालक झाला. जुन्या चरित्रात पेल्याचा एक प्रसंग मात्र खरोखर आहे. बादशहा मॅक्सिमसच्या मेजवानीत पेला आधी मार्टिनला दिला गेला. तो पिऊन आपल्या हाती देईल अशी बादशहाची अपेक्षा होती, पण मार्टिनने तो आपल्यासोबतच्या धर्मगुरूला दिला. या गोष्टीचा विषय बादशहाच्या दरबारातला धर्मगुरूचा मान हा आहे. वाईनचा सण उभा राहावा एवढं बळ तिच्यात नाही.

मग हा सण मुळात बॅकस या रोमन वाईनदेवाचा असेल, आणि चर्चने त्याच्यावर मार्टिनचा झगा पांघरला असेल, असं पुष्कळांना वाटतं. हे मत लोकप्रिय आहे, कारण ते ऐकताना आपल्याला आतली गोष्ट कळल्याचा आनंद होतो. पण तारखा पाहिल्या की अडचण येते. रोमन लोक नवी-जुनी वाईन चाखण्याचा मेदित्रिनालिया हा दिवस ११ ऑक्टोबरला पाळत, आणि आदल्या हंगामाच्या वाईनची पिंपं विनालियाच्या दिवशी, म्हणजे २३ एप्रिलला फोडत. अथेन्समध्ये डायोनायसस या ग्रीक वाईनदेवाच्या उत्सवात नवे रांजण उघडले जात ते आपल्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. यांतला एकही दिवस नोव्हेंबरात पडत नाही. चर्चला जुना सण झाकायचा असता तर जुन्या सणाची तारखही हवी होती. भूमध्य समुद्राकाठच्या उबदार प्रदेशात वाईनचे दिवस वेगळे होते आणि आल्प्सच्या उत्तरेला-पूर्वेला वेगळे झाले, इतकंच या तारखा सांगतात. म्हणून कारण शोधायचं तर तळघरात उतरायला हवं.

मध्य युरोपात द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. रस पिंपात भरला की यीस्ट साखरेवर तुटून पडतं, तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साईड करतं. एक लिटर रसातून चाळीस लिटरांहून जास्त वायू निघतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला ना रंग ना वास. तो तळघराच्या जमिनीवर पाण्यासारखा साचत जातो. म्हणून जुना शेतकरी तोडणीनंतरच्या दिवसांत पायऱ्या उतरताना पेटती मेणबत्ती गुडघ्याच्याही खाली धरायचा. ज्योत लवली, विझली, की तसंच मागे फिरायचं. न फिरलेली माणसं मेली आहेत. आजही या वायूने तळघरात मृत्यू होतात. या आठवड्यांत पिंपं अक्षरशः खदखदत असतात, कान लावला तर आवाज येतो, रस चिखलासारखा गढूळ असतो. मग साखर संपत येते, बाहेर थंडी पडते, तळघर दहा अंशांच्या खाली उतरू लागतं. यीस्ट सुस्तावतं, गाळ होऊन तळाशी बसतं, आणि वरची वाईन निवळते. हे सगळं नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याला जुळतं. हे यीस्टचं काम आहे हे लुई पाश्चरने सिद्ध केलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी दीड हजार वर्षं लोकांना दिसत होतं ते एवढंच : खवळलेला, घातक, गढूळ द्रव थंडी आली की शांत होतो आणि प्यायच्या लायकीचा होतो.

हा बदल लोकांनी किती गंभीरपणे घेतला ते चालीरीतींत दिसतं. ऑस्ट्रियात आंबत्या, फेसाळ रसाला ‘श्टुर्म’ म्हणतात, म्हणजे वादळ. तो पितानाही पेला डाव्या हातात धरायचा आणि ‘प्रोस्ट’ न म्हणता ‘माल्त्साइट’ म्हणायचं, जे एरवी जेवणाआधी म्हणतात, असा रिवाज आहे. अजून ती वाईन नाही, तेव्हा वाईनचा मान तिला द्यायचा नाही. स्लोव्हेनियात आणि क्रोएशियातल्या झागोर्ये भागात तर मार्टिनच्या दिवशी रसाचा चक्क बाप्तिस्मा होतो. कुणीतरी बिशपचा उंच टोप घालतो, कुणी रसाचे धर्मपिता-धर्ममाता होतात, आणि आतापर्यंत पापी असलेल्या रसाला वाईन हे नाव दिलं जातं. हे सोंग आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, हसणंही भरपूर होतं. पण हसत हसत जे केलं जातं ते पक्कं असतं : या घटकेपासून ही वाईन आहे, हिला विकता येईल, हिच्यावर मत देता येईल. ऑस्ट्रियात नव्या सालाच्या वाईनला ‘हॉयरिगर’ म्हणून मिरवता येतं ते मार्टिनच्या दिवसापासून पुढल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत.

आता हंस. कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे खाऊन हंस, म्हणजे अंगणात पाळला जाणारा बदकाहून थोराड असा पक्षी, नोव्हेंबरपर्यंत पुरता लठ्ठ होतो. पुढे बर्फाचे महिने. आता त्याला पोसायचं तर घरातलं धान्य घालावं लागणार. तेव्हा ठेवायचे तेवढे ठेवून बाकीचे याच सुमारास कापणं हे शहाणपणाचं होतं, आणि जमीनदाराला खंडापोटी हंस देण्याची पद्धतही होती, कारण खंड चुकता करायचा दिवस हाच. शेतावरच्या गड्यांचं सालही याच दिवशी संपे. मजुरी हातात पडे, आणि गडी त्याच मालकाकडे राहायचं की दुसरा बघायचा ते ठरवी. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपल्याकडे सालगड्याचं साल गुढीपाडव्याला संपतं, खानदेशात आखाजीला; सणाच्या गोडधोडाखाली एक रोखठोक व्यवहार असतो. यात तिसरी भर चर्चची. ५८१ साली फ्रान्समधल्या माकों इथे भरलेल्या धर्मसभेने मार्टिनच्या दिवसापासून नाताळापर्यंत आठवड्यातले तीन दिवस उपास ठरवून दिले. मिलान शहरात नाताळपूर्वीचा व्रतकाळ आजही मार्टिनच्या दिवसानंतरच्या रविवारी सुरू होतो. उपास लागण्याआधी मांस खाऊन घ्यायचं, हंस तर कापायचेच आहेत, गड्याच्या खिशात पैसे आहेत, आणि पिंपातली वाईन नुकतीच निवळली आहे. चार वेगळ्या गोष्टी एका दिवसावर येऊन बसल्या. हंसांच्या खुराड्याची गोष्ट या ताटातून जन्माला आली असावी, असं मला वाटतं. ताट आधी भरलं, गोष्ट मग रचली गेली.

इथे एक रास्त शंका निघते : हा सगळा योगायोग मार्टिनच्याच वाट्याला का? शरदात संत काही कमी नाहीत. तर उमेदवार तपासून पाहू. २९ सप्टेंबरचा संत मायकेल हा इंग्लंडात खंडाचा दिवस होता. तिथे धान्य हेच मुख्य पीक, ते तोवर घरात आलेलं असतं. द्राक्षांच्या मुलखात मात्र त्या दिवशी निम्मे घड वेलीवर आणि निम्मे पिंपात खदखदत असतात. १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि लगेच पुढचा दिवस मृतांचा. कबरींवर दिवे लावण्याच्या दिवसांत पिंप फोडणं कुणाला रुचणार नाही. ३० नोव्हेंबरचा संत अँड्र्यू उपासाच्या मध्यात पडतो. उरतो तो मार्टिन. या मांडणीला बळ देणारा पुरावा द्राक्षांच्या प्रदेशाबाहेर मिळतो. स्कॉटलंडमध्ये द्राक्षबागा नाहीत, तरी मार्टिनचा दिवस हा तिथे शतकानुशतकं खंडाचा, भाडेकराराचा, नोकर बदलण्याचा अधिकृत दिवस होता. १९९० च्या कायद्याने तो व्यवहारासाठी २८ नोव्हेंबरवर नेला, नाव मात्र मार्टिनचंच ठेवलं. वाईन काढून घेतली तरी हिशेब शिल्लक राहतो. म्हणजे मुळात दिवस हिशेबाचा, आणि जिथे वाईन हे मुख्य पीक तिथे तो वाईनचा झाला.

कॅलेंडरचा आक्षेप जास्त बारीक आहे. १५८२ साली पोप ग्रेगरीने दहा दिवस गाळून कॅलेंडर सुधारलं. त्याआधीच्या शतकातला मार्टिनचा दिवस सूर्याच्या हिशेबाने आजच्या २० नोव्हेंबरच्या आसपास पडत होता. मग ‘याच तारखेला वाईन निवळते’ या म्हणण्याला काय अर्थ? अर्थ आहे, फक्त तो घड्याळाच्या काट्याइतका नेमका नाही. वाईन एका रात्रीत निवळत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून महिनाअखेरीपर्यंत कधीही चाखली तरी ती नवी वाईनच असते. या मोकळ्या पट्ट्यात एक ठरलेला दिवस हवा होता, कारण निरक्षर कुळाला आणि जमीनदाराला दोघांनाही तो सारखाच माहीत असायला हवा. करारावर संताचा दिवस लिहिला की चर्चच्या घंटेने तो गावभर कळे. संताचं खरं काम ते, तो साक्षीदार होता. आणि अर्धा झगा कापून देणारा साक्षीदार या दिवसाला शोभणारा होता. ज्याच्या खिशात वर्षभराची मजुरी पडली त्याच्या शेजारीच खंड देऊन रिकामा झालेला कुणी उभा असे, आणि थंडी दोघांनाही सारखीच होती. म्हणून मार्टिनला नुसतं लेबल मानणं मला पटत नाही. त्याची गोष्ट या दिवसाच्या व्यवहाराला माणुसकीची आठवण देते, आणि कंदील घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीत आजही पुढे घोड्यावरचा मार्टिन आणि त्याच्या वाटेत भिकारी असतो.

सर्वांत जोरदार आक्षेप आजच्या सणावर आहे. खंड गेला, सालगडी गेले, उपास जवळपास कुणी करत नाही, रस पोलादी टाक्यांत मोजून थंड केला जातो, आणि ताटातल्या हंसांचा मोठा हिस्सा हंगेरीतून ट्रकने येतो. उरलं काय? नोव्हेंबरात सरोवरावरची गर्दी ओसरते तेव्हा खानावळी भरायची युक्ती? यातली माहिती खरी आहे, निष्कर्ष चूक आहे. बुर्गनलांडपुरतं बोलायचं तर जुनेपणाचा दावाही जरा सांभाळूनच करावा. हा प्रांत हंगेरीकडून ऑस्ट्रियात आला १९२१ साली, आणि मार्टिन त्याचा अधिकृत पालकसंत झाला १९२४ साली. पण पैशांचा संबंध आला म्हणून सण खोटा, हे या सणाला मुळीच लागू होत नाही. तो पहिल्यापासून पैशांच्या देवघेवीचा दिवस होता. आज त्यातला व्यवहार बदलला आहे एवढंच. १९८५ साली ऑस्ट्रियातल्या काही व्यापाऱ्यांनी वाईन जास्त गोड आणि दाट भासावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचं उघड झालं. पुढच्या वर्षी देशाची वाईन निर्यात सुमारे दहाव्या हिश्श्यावर आली. गोड वाईनसाठी नावाजलेल्या बुर्गनलांडला मोठा फटका बसला, प्रामाणिकपणे काम करणारे शेतकरीही त्यात भरडले गेले, आणि १९८५ मध्येच कडक वाईन कायदा झाला. कायद्याने बाटलीवर शिक्का मिळतो. विश्वास मिळायला करणाऱ्या माणसाने आपलं पिंप उघडून समोर उभं राहावं लागतं, नवी, अजून न सजवलेली वाईन परक्याच्या पेल्यात ओतावी लागते, आणि तो तोंड वाकडं करतो का हे बघत थांबावं लागतं. उघड्या तळघरांच्या दिवशी नेमकं हेच घडतं. पूर्वी कूळ जमीनदारापुढे हिशेब मांडायचं. आता करणारा पिणाऱ्यापुढे मांडतो. दिवसाचं काम तेच आहे.

हे सगळं हवामानाशी किती घट्ट बांधलेलं आहे ते नाशिककडे पाहिलं की कळतं. निफाड-दिंडोरीत वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. ११ नोव्हेंबरला तिथला बागायतदार कुठलाही हिशेब मिटवण्याच्या मनःस्थितीत नसतो. वेली फुलोऱ्याच्या आगेमागे असतात, अवकाळीचा एक शिडकावा झाला तरी डावणी हा बुरशीचा रोग पसरेल म्हणून फवारणीचा पंप खांद्यावर असतो. वाईनची द्राक्षं काढायला येतात ती जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत, आणि रस आंबतो तो चढत्या उन्हाळ्यात. तिथे यीस्टला झोपवणारी थंडी आपसूक येत नाही, ती वीज जाळून टाकीभोवती आणावी लागते. मार्टिनचा दिवस नाशिकला आणून साजरा करता येईल, हंसाऐवजी आणखी काही भाजता येईल, पण त्या दिवशी मिटणारं असं काहीच तिथे नसेल. तिथल्या वाईनचा दिवस फेब्रुवारी-मार्चच्या काढणीतूनच निघायला हवा.

युरोपातही हा सांधा आता हलू लागला आहे. फ्रान्समधल्या बोन शहरात १३५४ पासूनच्या द्राक्षतोडणीच्या तारखा अभ्यासकांनी जुळवल्या, तेव्हा दिसलं की १९८८ पासून तोडणी आधीच्या सहा शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस लवकर होते आहे. नॉयझीडल सरोवराकाठचे उन्हाळेही तापले आहेत. पांढरी वाईन आता मार्टिनच्या कितीतरी आधी निवळलेली असते, तेव्हा सण ऑक्टोबरात न्यावा असं कुणी म्हणू शकेल. फ्रान्समध्ये बोजोलेची नवी वाईन बाजारात यायचा दिवस कायद्याने ठरतो, आणि १९८५ मध्ये तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बसवला गेला. म्हणजे दिवस हलवता येतो. पण हिशेबाचा दिवस पहिलं पीक तयार झालं म्हणून धरत नाहीत. ब्लाउफ्रेंकिशसारखी उशिरा पिकणारी लाल द्राक्षं ऑक्टोबरात अजून सालींसकट आंबत असतात, आणि रुस्ट गावची गोड वाईनची द्राक्षं तर काही वर्षी नोव्हेंबरातही वेलीवरच असतात. लवकरची पांढरी पिंपात वाट पाहते आहे, उशिराची लाल नुकतीच गाळ खाली सोडते आहे, आणि यंदाचं साल कसं गेलं हे शेजाऱ्याला सांगता येईल एवढं पीक तळघरात आलं आहे, अशी वेळ अजून तरी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच येते.